"जाऊ दे, विशेष काही नाही"

मागच्या महिन्यात एक मैत्रीण तिच्या आईच्या आजारपणाविषयी मला सांगत होती. मी 'हं, हं' म्हणत होते आणि तेवढ्यात टेबलावरच्या मोबाईलची स्क्रीन उजळली म्हणून माझी नजर क्षणभर तिकडे वळली. तिने वाक्य अर्ध्यावर सोडले, पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला आणि म्हणाली, "जाऊ दे, विशेष काही नाही." त्यानंतर मी खोदून खोदून विचारले, पण ती त्या दिवशी काही बोलली नाही.

मदत म्हटली की आपल्याला पैसा, औषधे, धावपळ आठवते, आणि ती लागतेच. पण मनातली गोष्ट सहसा पहिल्या वाक्यात येत नाही. "बरं चाललंय" म्हणून झाल्यावर जी थोडी शांतता पसरते, ती आपण सल्ल्याने किंवा स्वतःच्या अनुभवाने भरून टाकली नाही, तरच ती गोष्ट बाहेर पडते. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर रुग्णाचे सुरुवातीचे सांगणे सरासरी १८ सेकंदांत तोडतात, असे आढळले होते. घरात आणि कार्यालयात आपण सगळे तितका तरी धीर धरतो का, याची मला शंका आहे.

ज्याचे कोणी ऐकून घेत नाही तो हळूहळू सांगणेच बंद करतो, आणि मग तो पार खचला की आपणच हळहळतो, "आम्हाला कधी काही बोललाच नाही!"

ऐकणे हे तज्ज्ञांचेच काम आहे, असेही मला वाटत नाही. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली, तीच पुढे 'समॅरिटन्स' म्हणून ओळखली गेली. व्हारा यांना प्रत्यक्ष भेटायला आलेल्यांजवळ त्यांची पाळी येईपर्यंत साधे स्वयंसेवक बसत, आणि त्यांच्याशीच बोलून अनेकांना इतके हलके वाटे की व्हारा यांना भेटण्याची गरजच उरत नसे. काही महिन्यांतच व्हारा यांनी ऐकण्याचे काम त्या स्वयंसेवकांकडे सोपवले.

परवा मी मोबाईल घरी ठेवून मैत्रिणीकडे गेले. तासभर इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. आईचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. निघताना दारापर्यंत पोहोचले तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी मी सांगत होते ना..." मी परत आत येऊन बसले.