‘कोन्सुलो’च्या विभक्तीबद्दलच्या आक्षेपाला उत्तर

‘कोन्सुलो’ या लॅटिन क्रियापदाचा अर्थ सोबतच्या नामाच्या विभक्तीप्रमाणे बदलतो, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन आहेत. एक, ‘कोन्सुलो, कोन्सुलेरे, कोन्सुलुई, कोन्सुल्तुम’ अशा मुख्य रूपांच्या या क्रियापदाला ‘सल्ला घेणे’ एवढा अर्थ पुरतो. दोन, लॅटिनमध्ये शब्दक्रम मोकळा असताना विभक्तीचा एवढा कीस काढायची गरज नव्हती.

अहो, शब्दक्रम मोकळा आहे म्हणूनच तर सगळा भार विभक्तीवर येतो! ‘मीलितेस कोन्सुलुइत’ म्हणजे त्याने सैनिकांचं मत घेतलं. ‘मीलितिबुस कोन्सुलुइत’ म्हणजे त्याने सैनिकांचं हित पाहिलं. पहिल्यात द्वितीया, दुसऱ्यात चतुर्थी. तुमचं ‘सेनातुम कोन्सुलेरे’, म्हणजे सेनेटचं मत घेणं, द्वितीयेचंच, त्यामुळे तिथे तुमचा अर्थ बिनचूक बसतो. डेल्फीच्या अपोलो देवाला कौल लावायचा तरी द्वितीयाच. पण ‘कोन्सुले तिबी’चं तुम्ही केलेलं ‘स्वतःचा सल्ला घे’ चालणार नाही. ‘तिबी’ चतुर्थी आहे; अर्थ ‘स्वतःचं बघ’.

मराठी माणूस इथे हमखास घसरतो, कारण आपल्याकडे द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचे प्रत्यय स, ला, ते. पुढे ‘सालूती’सारखं (‘सुरक्षितता’ची चतुर्थी) भाववाचक नाम असेल तर ‘सुरक्षिततेचा सल्ला घेतला’ असलं काहीतरी होतं आणि चूक लगेच डोळ्यांत भरते. माणसांच्या बाबतीत वाक्य छान लागतं, म्हणून चूक तशीच राहून जाते.

अजून शंका असेल तर कर्मणी करून पाहा. ‘कोन्सुलोर’ म्हणजे माझा सल्ला घेतला जातो. हिताच्या अर्थाने हे रूप चालत नाही. तिथे ‘मिही कोन्सुलितुर’, म्हणजे माझं हित पाहिलं जातं, असं म्हणावं लागतं. ‘मिही’ चतुर्थीतच राहतं आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनात, थेट आपल्या भावे प्रयोगासारखं.

आणि एकच अर्थ धरला तर ‘बोनी कोन्सुलेरे’चं काय करणार? ‘बोनी’ षष्ठीत आहे आणि अर्थ ‘गोड मानून घेणे’. सल्ल्याचा तिथे मागमूस नाही. ‘इन’ हे अव्यय आणि त्याच्यापुढे द्वितीया आली, सोबत ‘क्रूदेलितेर’ म्हणजे ‘क्रूरपणे’ असलं क्रियाविशेषण असलं, तर मामला थेट उलटा: कुणाविरुद्ध तरी कठोर पाऊल उचललं जातंय.