‘चित्रं फक्त साहेबांना दाखवायला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही जरा लांबतंय.

नागिऑसच्या (सर्व्हरवर नजर ठेवून बिघाड कळवणारी प्रणाली) कॉन्फिगरेशनमध्ये कोण कोणाशी जोडलेलं आहे ते ग्राफव्हिझने (मजकुरावरून आकृती काढणारं साधन) काढून बघावं, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की शे-दोनशे होस्ट (नजरेखालची यंत्रं) झाले की चित्राचा नुसता गुंता होतो. चुका पकडायला ‘नागिऑस मायनस व्ही’ ही कॉन्फिगरेशन तपासणारी आज्ञा आहे, फायलींत शब्दांची शोधाशोध करायला ग्रेप आहे, मग चित्र उरतं ते साहेबांना दाखवण्यापुरतं.

गुंत्याबद्दल वादच नाही. होस्ट, सर्व्हिस (होस्टवरची एकेक तपासणी), टेम्पलेट (सामायिक मूल्यांचा साचा), कॉन्टॅक्ट सगळं एका पानावर ओतलं तर रेषांचा काळा गोळा मिळतो. पण सगळं काढायचंच कशाला? एक प्रश्न घ्यायचा आणि त्याच्यापुरत्याच रेषा काढायच्या.

समजा, डिस्क भरल्याची सूचना भलत्याच टीमला गेली. सर्व्हिसची व्याख्या उघडली तर तिथे कॉन्टॅक्ट ग्रुप (सूचना कोणाला जायची तो गट) नाही. तिच्या टेम्पलेटमध्येही नाही. अशा वेळी नागिऑस ते मूल्य गुपचूप होस्टकडून उचलतं. होस्टवर बघावं तर तिथेही नाही. नुसतं ‘यूज’ आणि त्यापुढे दोन टेम्पलेटची नावं. दोन्हींत कॉन्टॅक्ट ग्रुप वेगवेगळे. यात ज्याचं नाव आधी लिहिलंय, त्याचं चालतं. ग्रेप दोन्ही ओळी इमानेइतबारे समोर ठेवेल, पण लागू कुठली ते सांगणार नाही. त्यात होस्टवरच कोणी अधिक चिन्ह लावून एखादा ग्रुप लिहिला, तर टेम्पलेटची यादी बाद होत नाही, तिच्यात भर पडते. हे सगळं डोक्यात धरून फायली चाळता येतात, नाही असं नाही. पण सर्व्हिस, होस्ट, दोन टेम्पलेट आणि कॉन्टॅक्ट ग्रुप असे मोजके चौकोन, लागू असलेली वाट जाड आणि हरलेली तुटक, एवढं काढलं की उत्तर एका नजरेत दिसतं.

‘मायनस व्ही’ इथे कामाला येत नाही. उल्लेख केलेली वस्तू खरंच आहे का, पेरेंट्समध्ये (होस्टपर्यंतच्या वाटेवरची यंत्रं) किंवा डिपेंडन्सीत (कोण कोणावर अवलंबून) चक्र तर नाही ना, हे ते तपासतं. चुकीची टीमसुद्धा अस्तित्वात असलेलीच टीम असते, त्यामुळे तपासणी बिनबोभाट पार पडते.

‘ऑब्जेक्ट्स डॉट कॅश बघा की’ असंही कोणी म्हणेल. नागिऑसच्या त्या फायलीत टेम्पलेट विरघळून अंतिम मूल्यं येतात, हे खरं. पण मूल्य आलं कुठून, तेही त्याबरोबरच विरघळतं. म्हणून मी अंतिम मूल्य तिथून घेतो आणि वाट मूळ फायलींमधून शोधतो.

एक गोष्ट मात्र पाळायला हवी: पेरेंट्स आणि डिपेंडन्सी एकाच प्रकारच्या रेषेने कधीच काढू नयेत. पेरेंट्सवरून ठरतं की होस्टला डाउन (तो स्वतःच बंद) म्हणायचं की अनरीचेबल (वाटेतलं यंत्र बंद). डिपेंडन्सीवरून ठरतं की तपासणी किंवा सूचना रोखून धरायची का. नागिऑसच्या जुन्या स्टेटस मॅपमध्ये फक्त पेरेंट्स दिसतात, आणि तोच कॉन्फिगरेशनचा नकाशा समजण्याची सवय (माझ्या मते) तिथूनच लागली.

शेवटी तुम्ही आयसिंगा 2 बद्दल (नागिऑससारखीच दुसरी प्रणाली) विचारलंय. तिथे तर ग्रेपचं आणखी अवघड. ‘अप्लाय’ नियमात सर्व्हिस अटीवर चिकटते; होस्टचं नाव त्या नियमात सहसा नसतंच. पण ‘आयसिंगा2 ऑब्जेक्ट लिस्ट’ ही आज्ञा कॉन्फिगरेशनमध्ये ठरवलेल्या प्रत्येक गुणधर्माखाली तो कुठल्या फायलीत, कितव्या ओळीवर बदलला गेला तेही छापतं. त्यामुळे तिथे माझी स्क्रिप्ट मूळ फायली उघडतच नाही, त्या आउटपुटवरूनच थेट ग्राफव्हिझची डॉट फाइल तयार करते.