हेराल्डच्या हबचा नट आणि पुण्याहून आलेली प्रतिक्रिया

नमस्कार साहेब,

स्टँडर्ड हेराल्ड या जुन्या मोटारगाडीच्या पुढच्या चाकांचे बेअरिंग वेळेआधी का जातात यावर मी लिहिलं होतं आणि त्याखाली तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली, वेळ काढून वाचलंत त्याबद्दल आभार. मुद्दे चार होते: नट पूर्ण आवळलाच पाहिजे, माझं बेअरिंग डुप्लिकेट असणार, रुंद रिम लावल्यानं हे होतं, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहते म्हणून होतं. पाचवा फोटोबद्दल. यातलं सभ्य भाषेत किती लिहिलंय ते तुम्हीच परत वाचून बघा. "असले गॅरेजी सल्ले वाचून उद्या कुणाचं चाक रस्त्यात निघालं तर जबाबदार कोण?" ही काय बोलायची पद्धत झाली? मी काय कुणाचे नट ढिले करत फिरायलोय का?

आधी जे बरोबर ते मान्य. तिसरा फोटो धूसर आहे, आतल्या बेअरिंगचा कोन (म्हणजे रोलर ज्यावर फिरतात ती निमुळती आतली रिंग) कोणता न बाहेरच्या बेअरिंगचा कोणता ते कळत नाही. बदलतो. झालं.

आता चाक निघायचं. तुम्ही रोज जी गाडी चालवता तिच्या पुढच्या हबात, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, बहुतेक सीलबंद दोन ओळींचं बेअरिंग असेल. त्याच्या आतला प्ले, म्हणजे बारीक मोकळीक, कारखान्यातच ठरून येतो, नट फक्त आतल्या रिंगा एकमेकींवर दाबून धरतो, म्हणून तिथं टॉर्क रेंच लावून दणकून आवळायचं असतं आणि नाही आवळलं तर बेअरिंग जातं. हे तुम्हाला माहीतय, छान. पण ते ज्ञान उचलून १९५९ च्या डिझाईनवर लावायलात, गडबड तिथं आहे. हेराल्डच्या स्टब ॲक्सलवर, म्हणजे चाकाच्या आखूड दांड्यावर, दोन सुटे टेपर रोलर (निमुळत्या रोलरचे) बेअरिंग, आतलं मोठं, बाहेरचं लहान, आणि दोन कोनांच्या मधी अंतर धरणारा स्पेसर नाही. स्पेसरच नाही म्हणल्यावर नट जेवढा फिरवाल तेवढा सगळा दाब थेट रोलरवर येतो. रोलरचं जाड टोक कोनच्या कडेला घासून फिरत असतं, मधी ग्रीसचा पातळ थर आहे तोवरच ते सुखानं चालतं. जास्त आवळलं की थर तुटला, हब तापला, ग्रीस पातळ होऊन फेल्टच्या सीलमधून ब्रेकच्या ड्रमकडं गळालं, मग ब्रेक एका बाजूला ओढायला लागतो आणि लोक ब्रेकचा मिस्त्री शोधत फिरतात.

मॅन्युअल वाचलं नाही म्हणता. वाचलंय. हब फिरवत फिरवत नट हलका आवळायचा, जड लागला की मागं घ्यायचा, स्प्लिट पिन घालायची, प्ले राहिला पाहिजे २ ते ८ थाऊ (इंचाचा हजारावा भाग). ढिला ठेवा असं मी कुठं लिहिलं? जास्त प्ले राहिला तरी रोलर कपवर (बाहेरच्या रिंगेवर) आपटून खड्डे पडतात, तेही लेखात होतं, पण तुम्ही तिथवर पोचला नसाल. आणि चाक निघण्याचं म्हणाल तर खाचांच्या कॅसल नटात ती पिन काय शोभेला घालतात का?

राहिला प्रश्न गॅरेजचा. आमच्या वडिलांनी चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत आयुष्य काढलं. टेपर रोलर कसा फिरतो हे मी शाळेत असताना त्यांच्या शेजारी उकिडवं बसून शिकलो, ग्रीस तळहातावर घेऊन कोनच्या जाळीत एका बाजूनं दाबायचं, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. तुम्ही हे केलंय का कधी? मी विचारत नाही, कारण तुम्ही माझं शिक्षण विचारलंत तसं मला विचारायचं नाही.

आणि पुरावा पाहिजे तर घ्या. जालन्याच्या एका ओळखीच्यांची हेराल्ड, नवीन बेअरिंग टाकून थोडेच दिवस झालेले, डाव्या चाकातून घरघर यायली म्हणून माझ्याकडं आणली. बसवणाऱ्यानं पान्याला पाईप लावून नट आवळला होता, चाक हातानं फिरेना. टोपी काढली तर ग्रीस डांबरासारखं काळं, करपल्याचा वास, बाहेरच्या कोनचे रोलर निळे पडलेले आणि कपवरून नख फिरवलं की अडकायचं. उजव्या चाकाचा नट वडिलांच्या पद्धतीनं मीच आधी लावून दिला होता, तिकडचं बेअरिंग स्वच्छ. बेअरिंग एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले. आता सांगा डुप्लिकेटचं.

रिम रुंद आहेत माझ्या गाडीला, हौ, १३ इंचीच पण रुंद. तो विषय वेगळा आहे, त्यावर कधीतरी लिहीन. उभ्या गाडीचं म्हणाल तर आमच्याकडं धूळ आणि पावसाळ्यातली काळी माती एवढी आहे की उभी ठेवा नाहीतर चालवा, ग्रीस वर्षाला बदलायचंच असतं. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

एक मात्र इतरांसाठी लिहून ठेवतो, कारण यावरून उगं भीती पसरायली. हबला हात लावून बेअरिंग तपासायचं असेल तर सपाट रस्त्यावर, फारसा ब्रेक न मारता चालवून तपासा. कन्नडचा घाट उतरून खाली थांबून हात लावाल तर चारही ड्रम तापलेलेच असणार, त्याला बेअरिंग कारण नाही.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, राहू द्या. पुढची टाकाल तेव्हा प्ले मोजायचा डायल गेज लावून स्वतःच्या गाडीचं रीडिंग टाका, मग बोलू.

परभणीहून ज्यांनी फेल्टचं विचारलं होतं त्यांना: कोरडं बसवू नका, इंजिन ऑइलमध्ये चांगलं भिजू द्या, जास्तीचं पिळून काढा आणि मग घाला.