‘ढोंग’ म्हणालात म्हणून

‘एक सोलापूरकर’ या नावाने लिहिणारे महाशय,

पन्नाशीत माणूस घरात कसा जागा बदलतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चार वेळा वाचली. सोलापूरची जुनी मिल, म्हणजे ती कापडगिरणी, 1877 ची, माझ्याकडून 1887 पडलं. दुरुस्त केलंय, आभार. पण ‘एवढंही ठाऊक नाही तर लिहायचं कशाला’ हे शेपूट कशाला जोडलंत? आपलं सोलापुरी बोलणं रोखठोक असतं, कबूल. हे खवचट आहे.

आता तुमचं ते वाक्य. ‘काल बापाला उलट बोलणारे आज पोरांना शिस्त लावतात, याला भूमिका बदलणं नाही, ढोंग म्हणतात.’

ढोंग? गिरणी बंद पडली तेव्हा मी तेवीस वर्षांचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर होते. भोंगा थांबला तरी पहाटे उठून दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे. आई विड्या वळायची आणि मी तिच्यासमोरून टपरीवर जायचो. आप्पांनी हटकलं की म्हणायचो, ‘तुम्ही तरी काय करताय?’ हो, म्हणालोय. लेखातही लपवलेलं नाही, तुम्ही तेवढंच उचललंत.

पुढे एका दिवाळीनंतर आप्पांनी पत्र्याची पेटी माझ्यापुढे सरकवली. लाइटबिलं, घरपट्टीच्या पावत्या, पासबुक. बोलले काहीच नाहीत. त्या दिवसापासून उलट बोलायला समोर कुणी उरलंच नाही हो! आता मुलगा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघाला की खिडकीशी उभा राहून तीनदा सांगतो, पोचलास की फोन कर. तो वैतागतो. मला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं, म्हणूनच सांगतो.

स्ट्रॉस आणि हाऊ या, पिढ्यांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखकजोडीने 1991 साली नेमकं हेच मांडलं होतं: लहानपणी वाऱ्यावर सोडलेली पिढी मधल्या वयात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने 44 ते 65, पोरांना जास्तच जपते. ‘अमेरिकेची मोजपट्टी सोलापूरला कशाला’ असं तुम्ही विचारता. त्या पिढीच्या जन्माची त्यांची 1961 ते 1981 ही सनावळी मी इथे लावलेलीच नाही. लेख पुन्हा वाचा, की पहिल्यांदा वाचा म्हणू?

सुना, वाटण्या आणि ‘तुमच्या पिढीने शहरासाठी काय केलं’ हे बाकीचं सगळं विषयांतर. सोडून देतो.

आणि पुढच्या वेळी नाव लिहा. ‘साचेखातं’ची व्युत्पत्ती मला शिकवणारा माणूस आमच्याच पेठेतला असणार, एवढं कळतं.