‘खरा वैद्य काही विचारत नाही’ म्हणे!

व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर या गटातून त्या गटात फिरत असतो. ‘खरा आयुर्वेदिक वैद्य कसा ओळखावा?’ असा त्याचा मथळा. सार एवढेच: खरा वैद्य काही विचारत नाही, नाडीवर बोटे ठेवली की सगळे सांगतो. तो रिपोर्ट पाहत नाही. ॲलोपथीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करायला लावतो. त्याच्या औषधाला साइड इफेक्ट नसतो. कोणताही रोग तो मुळापासून, कायमचा घालवतो. आणि तपासण्याचे पैसे घेत नाही.

सहाही मुद्दे चूक आहेत, पण सगळे सारख्याच तोलाचे नाहीत. एकदोन नुसते हसण्यावारी नेण्यासारखे आहेत, तर दोन जिवावर बेतणारे. गंमत म्हणजे ही कसोटी मान्य केली तर चरक, सुश्रुत आणि वाग्भट हे आयुर्वेदाचे तिन्ही जुने ग्रंथकार भोंदू ठरतात.

नाडीपासूनच सुरुवात करू, कारण मजकुराचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. वाग्भटाचे ‘दर्शनस्पर्शनप्रश्नैः परीक्षेत च रोगिणम्’ हे वचन आयुर्वेदाचा विद्यार्थी पहिल्या वर्षीच पाठ करतो. पाहून, स्पर्श करून आणि प्रश्न विचारून रोग्याची परीक्षा करावी. सुश्रुत पाच ज्ञानेंद्रियांच्या जोडीला ‘प्रश्न’ हा सहावा उपाय सांगतो आणि काय विचारायचे याची यादीही देतो: राहण्याचा प्रदेश, ऋतू, काय मानवते, दुखणे कसे सुरू झाले, वेदना किती, ताकद कशी, भूक कशी, वात-मूत्र-मल साफ होतात की अडतात. आज आपण जिला नाडीपरीक्षा म्हणतो तिचे प्रकरण या जुन्या संहितांत नाहीच. ती शार्ङ्गधर संहितेत येते, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. वाताची नाडी जळू-सापासारखी, पित्ताची कावळा-बेडकासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी चालते, असे ते सुंदर वर्णन आहे. पुढे योगरत्नाकर या ग्रंथाने आठ गोष्टी तपासायला सांगितल्या: नाडी, मूत्र, मल, जीभ, आवाज, स्पर्श, डोळे आणि आकृती. आठांतली एक उचलून बाकीच्या सात टाकून द्या, असे कुठल्याही ग्रंथात लिहिलेले नाही.

नाडी पाहून ‘सगळे सांगणारे’ बहुधा काय सांगतात, तेही कधी लक्ष देऊन ऐका. पोट नीट साफ होत नाही, डोक्यात विचार फार चालतात, अधूनमधून कंबर धरते. चाळिशी ओलांडलेल्या कोणाचाही हात धरून हे सांगावे, समोरचा चकित होतो.

आता प्रश्नांचे मोल काय ते बघा. गुडघे दुखतात म्हणून कोणी वैद्याकडे जातो आणि वैद्य विचारू लागतो शौचाला कसे होते, भूक खरी लागते की घड्याळ पाहून जेवता, सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात, जीभ दाखवा, ताप येऊन गेला का. माणूस वैतागतो. पण सकाळचा ताठरपणा, सांध्यांना सूज, तोंडाला चव नाही, जिभेवर पांढरा थर असे चित्र असेल तर वैद्य आमवाताकडे, म्हणजे सांधे सुजून आखडण्याच्या आजाराकडे झुकतो, आणि आमवातात सुरुवातीला तेलाचे मर्दन वर्ज्य सांगितले आहे. तिथे वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक देतात. तेच दुखणे वयाबरोबर आलेले असेल, चालताना गुडघा कटकट वाजत असेल, तर संधिगत वात, म्हणजे सांध्यांची झीज समजून तेल आणि शेक दोन्ही सांगतील. मधूनच अंगठा लाल होऊन ठणकतो असे रुग्ण म्हणाला की वातरक्ताचा, म्हणजे गाउटचा विचार होतो आणि युरिक ॲसिड तपासायला पाठवतात. तक्रार एकच, गुडघेदुखी. उपचार मात्र एकमेकांच्या उलटे. हा फरक नुसत्या मनगटावरून काढू म्हणणाऱ्याकडे मी तरी घरच्या माणसाला नेणार नाही.

म्हणून पहिल्या भेटीला अर्धा-पाऊण तास लागला तर कुरकुर करू नये. रात्रपाळी, शिळे खाणे, रात्रीचे दही, पाळीचा इतिहास, घरात कोणाला काय आजार, झोप, सगळे निघते. पाच मिनिटांत चार पुड्या हातात ठेवणारे दवाखानेही आहेत, नाही असे नाही.

रिपोर्टचा मुद्दा लवकर आटपतो. चरकाने प्रमेह, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो तो लघवीच्या विकारांचा गट, ओळखण्याच्या खुणांमध्ये अंगाकडे आणि लघवीकडे मुंग्या-माश्या धावतात हे नोंदवले आहे. डोळ्यांना न दिसणारी गोडी कीटकांवरून ताडणारी ही माणसे साखरेचा रिपोर्ट केराच्या टोपलीत टाकतील, असे कोणाला वाटते? बीएएमएस या आयुर्वेदाच्या पदवीचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा असतो आणि त्यात आधुनिक शरीररचना आणि रोगनिदानही शिकवतात. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन वाढलेले असताना भस्म द्यायचे की नाही, हिमोग्लोबिन फार खाली असताना रुग्ण विरेचन, म्हणजे जुलाबाचा उपचार सोसेल का, हे वैद्याने कागद न पाहता ठरवावे ही अपेक्षाच भयंकर आहे. तेव्हा फाइल घेऊन जा, जुनी असली तरी.

आता गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करण्याचा मुद्दा. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन थांबवले तर तो काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याच्या जीवघेण्या अवस्थेत जातो. फिट्सची गोळी एकाएकी सोडली तर फिट्सची मालिका सुरू होऊ शकते. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम तोडले तर रक्तदाब कोसळू शकतो, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी केलेले असते. जाणता वैद्य चालू औषधांची यादी मागतो, ती केसपेपरवर लिहून घेतो, आपले औषध सुरू करतो, साखर किंवा बीपी मोजत राहतो. आकडे खरोखर उतरले तर मूळ डॉक्टरशी बोलून मात्रा कमी करायला सांगतो. उतरणाऱ्या साखरेचीही काळजी करावी लागते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कोणी मेषशृंगीचे, म्हणजे गुडमारचे चूर्णही घेऊ लागला, तर साखर प्रमाणाबाहेर खाली जाऊन दरदरून घाम फुटायची वेळ येऊ शकते.

या मजकुराचा सर्वात मोठा अपाय मला इथेच दिसतो. ‘खरा वैद्य विचारत नाही’ असे मनात भरवले की माणूस सांगणे सोडतो. वैद्याकडे गोळ्यांचे बोलत नाही, डॉक्टरकडे काढ्याचे बोलत नाही. दोघेही अर्ध्या माहितीवर औषध लिहितात.

‘साइड इफेक्ट नाहीत’ या वाक्याला चरकानेच उत्तर देऊन ठेवले आहे. नीट योजले तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि चुकीचे योजले तर औषधही तीक्ष्ण विष होते, असे त्याच्या संहितेच्या सूत्रस्थान या भागाच्या पहिल्याच अध्यायात आहे. आपला कायदाही तेच मानतो. औषध नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मध्ये वत्सनाभ, कुचला, धोतरा, बिब्बा, पारा, हरताळ अशा विषारी द्रव्यांची यादी आहे आणि ती असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. ज्येष्ठमध घसा बसल्यावर चघळतात तेवढे ठीक, पण महिनोन्‌महिने भरपूर घेतले तर रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम उतरवते. आसव-अरिष्टांत, म्हणजे आंबवून केलेल्या पातळ औषधांत, गूळ-साखर असते आणि आंबवण्यातून आपोआप तयार झालेला अल्कोहोलही. म्हणून मधुमेही आणि यकृताच्या रुग्णांनी आपला आजार वैद्याला आठवणीने सांगायला हवा.

गुळवेलीचेही तसेच. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली जात होती. त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वापरलेली वेल गुळवेलच होती याची खातरजमा झालेली नाही. हा आक्षेप खरा धरला तरी घरच्या घरी अंदाजाने वेल उकळणाऱ्याने सावध व्हावे अशीच ती गोष्ट आहे. भस्मांच्या बाबतीत २००४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांच्या औषधशास्त्रात, धातू मुद्दाम वापरतात, शोधन-मारण करून, म्हणजे शुद्ध करून आणि भाजून त्यांचे भस्म करून. पण ते नीट झाले की नाही हे चमचाभर पूड पाहून तुम्हा-आम्हाला कळत नाही. म्हणून बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि मुदत पाहावी. वैद्याला स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवून देण्याची कायद्यात मुभा आहे, त्यामुळे पुडी दिली म्हणजे तो फसवतोच असे नाही. फक्त पुडीत काय आहे ते लिहून मागावे. ‘गुप्त औषध आहे’ असे उत्तर आले, आणि दोन दिवसांत दुखणे जादूसारखे पळाले, तर आत स्टेरॉइड मिसळले असण्याची शंका घ्यावी. असे प्रकार उघडकीला आलेले आहेत. गरोदर बाई आणि लहान मूल यांच्या बाबतीत तर अशी पुडी नकोच.

आता ‘मुळापासून, कायमचे’ हा दावा. आयुर्वेद स्वतः रोगांचे सुखसाध्य (सहज बरे होणारे), कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरे होणारे), याप्य आणि असाध्य असे वर्ग करतो. याप्य म्हणजे पथ्य-औषध चालू असेतो आटोक्यात राहणारा. प्रमेहाचे वीस प्रकार सांगून चरक म्हणतो, कफाचे दहा साध्य, पित्ताचे सहा याप्य, वाताचे चार असाध्य. मधुमेह हा या शेवटच्या चारांतला. असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याची अपकीर्ती होते, हेही तोच बजावतो. इकडे आपल्याकडे मधुमेह, कर्करोग, फिट्स अशा आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्या दिसतातच.

उरली फी. नोंदणीकृत वैद्य फी घेतो, आणि ती घेणे लाज वाटण्यासारखे नाही. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते. नंबर फलकावर किंवा लेटरहेडवर दिसला नाही तर सरळ विचारावा. तपासणी मोफत ठेवून तीन महिन्यांची औषधे एकदम गळ्यात मारणाऱ्यापेक्षा फी घेऊन चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचे), पथ्य आणि पुन्हा दाखवायची तारीख लिहून देणारा वैद्य शेवटी स्वस्त पडतो.