तेरा, पंधरा, तेरा

लहानपणी गणितात मार्क कमी पडले की बाबांचं ठरलेलं वाक्य, "शिकला नाहीस तर गुरं राखशील." शिकलो बाबा. इंजिनिअर झालो, इंग्लंडात ब्रायटनला आलो आणि आता दर रविवारी सकाळी गुरंच राखतो, तीही फुकट. आईला व्हिडिओ कॉलवर गाई दाखवल्या तर म्हणाली, "पगार किती देतात?" काहीच नाही म्हटल्यावर तिनं काही न बोलता फोन बाबांकडे दिला.

तर इथं साऊथ डाउन्सच्या टेकड्या आहेत, खडूची जमीन, उन्हाळ्यात ऑर्किडं काय, निळी फुलपाखरं काय. पण चरायला जनावर नसलं की काटेरी झुडपं सगळं गिळतात म्हणून मुद्दाम गाई सोडतात. मेंढरू गवत पार खुरटून टाकतं, गाय जिभेनं वेढा घालून उपटते, मग मधेमधे झुबके राहतात आणि किड्यामुंग्यांची सोय होते. या गाईंना रोज कुणीतरी बघून यायला लागतं. इकडच्या जुन्या भाषेत त्याला 'लुकर' म्हणतात, म्हणजे बघ्या, आपल्याकडे अपघात झाला की जमतात ते!

ट्रेनिंगला मॅडम म्हणाल्या, तुम्ही इंडियाचे, गाईंची सवय असेलच. मी हो म्हणून बसलो. माझी सवय म्हणजे लक्ष्मी रोडवर बसलेल्या गाईला स्कूटरनं वळसा घालायचा, एवढीच.

गाई बेल्टेड गॅलोवे, स्कॉटलंडच्या. अंगभर काळे केस आणि पोटाला रुंद पांढरा पट्टा, पंचा गुंडाळून नळाच्या रांगेत उभ्या राहिल्यासारख्या. शिंगं नाहीत हे एक बरं. कुणी लंगडतेय का, डोळे गळतायत का, रवंथ चालू आहे का, हौदात पाणी आहे का, सगळं बघायचं आणि पहिलं काम म्हणजे मोजायच्या. चौदा.

नोव्हेंबरचा आडवा पाऊस, चष्म्यावर पाणी, मोजल्या तर तेरा. परत मोजल्या, पंधरा, कारण मोजताना त्या चालतात हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. परत तेरा. मग कुंपणाच्या कडेनं अख्खी टेकडी पालथी घातली, एक बूट शेणात, दुसरा चिखलात. वाटेत काटेरी जाळीत कुणीतरी टाकलेली पांढरी पिशवी दिसली, येताना दिसली, जाताना पण दिसली, तिसऱ्या वेळी डोकंच फिरलं, लोकांना निसर्गाची काही पडलेलीच नाही म्हणून लांबूनच फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, "एक गाय गायब. शिवाय हा कचरा."

दोन मिनिटांत वॉर्डनसाहेबांचा रिप्लाय. "फोटो झूम करा. तुमच्या कचऱ्याच्या कानात पिवळा टॅग आहे, आणि तो रवंथ करतोय."