‘पत्रकारांनी सरकारला जाब विचारू नये’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेले काही दिवस व्हॉट्सॲपच्या अनेक गटांतून एक मजकूर फिरतो आहे. त्याचे शब्द थोडेफार बदलतात, पण युक्तिवाद तोच राहतो. घडलेली गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवणे एवढेच पत्रकारांचे काम आहे, जाब विचारायला विरोधी पक्ष, न्यायालये आणि कॅग (सरकारी हिशेब तपासणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक) आहेत. पत्रकारांना कोणी निवडून दिलेले नाही आणि ते कोणाला उत्तरदायीही नाहीत. माध्यमे तर विकली गेलेलीच आहेत. आणि त्यांच्या बातम्यांनी आजवर काही बदललेले नाही, असे त्यात म्हटलेले असते. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत सुशिक्षित आणि सज्जन माणसे आहेत, त्यांचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवे.

‘घडलेली गोष्ट’ सांगण्याच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मंत्र्याने पुलाचे उद्घाटन केले ही घडलेली गोष्ट आहे, आणि त्या पुलाचा खर्च मूळ अंदाजपत्रकाच्या दुप्पट झाला असेल तर तीही घडलेलीच गोष्ट आहे. पहिली गोष्ट सरकार स्वतःहून सांगते. दुसरी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

जाब विचारायला इतर संस्था आहेत, हा खरा वजनदार मुद्दा आहे. संस्था आहेत हे निर्विवाद. प्रश्न असा की त्यांच्यापुढे विषय येतो कुठून? महाराष्ट्रातल्या सिमेंट प्रकरणाकडे पाहावे. १९८१ साली सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, टंचाई तीव्र होती आणि कोणाला किती सिमेंट मिळणार हे शासनाच्या वाटपावर अवलंबून होते. त्याच काळात मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी स्थापन केलेल्या ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ या न्यासाकडे साखर कारखान्यांकडून आणि बांधकाम व्यावसायिकांकडून देणग्यांचा ओघ सुरू होता. कलावंतांना आणि साहित्यिकांना साहाय्य करणे हा न्यासाचा जाहीर उद्देश होता आणि त्याला आक्षेप घेणे कोणालाही अवघड गेले असते. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अरुण शौरी यांचा वृत्तान्त छापला आणि देणग्या व सिमेंटचे वाटप यांचा एकमेकांशी असलेला संबंध कागदपत्रांच्या आधारे लोकांपुढे मांडला.

त्या दिवसापूर्वीही राज्यात विधिमंडळ होते, विरोधी पक्ष होते, उच्च न्यायालय होते, आणि सार्वजनिक न्यासांवर देखरेख करणारे धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय तर १९५० च्या कायद्यापासून होते. तरीही देणगीचा धनादेश आणि सिमेंटचा परवाना शेजारी ठेवून पाहिल्यावर काय दिसते, हे सामान्य वाचकाला कळले ते बातमीतून. त्यानंतर संसदेत गदारोळ झाला, विरोधकांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, आणि जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट वाटप यांत संबंध असल्याचा निष्कर्ष काढल्यावर मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला. तो उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा स्वतःचाच १९८४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८८ मध्ये रद्द केला. अंतुले यांना शिक्षा झाली नाही आणि पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. यावरून बातमी निष्फळ ठरली असे कोणी म्हणेल, तर त्याने कामाची वाटणी नीट समजून घेतलेली नाही. दोष ठरवणे आणि शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे. वृत्तपत्राचे काम कागद उघडा करण्याचे आहे, आणि तो उघडा झाला की ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय इतर संस्थांना उरत नाही.

कॅगचेही तसेच आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५१ नुसार राज्याच्या लेख्यांवरील अहवाल राज्यपालांकडे जातो आणि मग विधिमंडळापुढे ठेवला जातो. आपल्याकडे तो बहुधा अधिवेशन संपता संपता, पुष्कळदा अगदी शेवटच्या दिवशी सभागृहात येतो, म्हणजे त्यावर त्या अधिवेशनात चर्चा होणेच शक्य नसते. विधिमंडळाच्या सदस्यांची लोकलेखा समिती त्याची तपासणी करते, पण सावकाशीने. दरम्यान तो जाडजूड अहवाल त्याच संध्याकाळी चाळून, कोणत्या खात्याने कोणत्या कामावर पैसा वाया घालवला हे दुसऱ्या दिवशी सकाळी नागरिकाला समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस वार्ताहरच असतो.

विरोधी पक्षाचे भाषणदेखील सभागृहाबाहेर पोहोचवावे लागते. संसदेतील कामकाजाचा खरा वृत्तान्त छापणाऱ्यावर कारवाई होऊ नये म्हणून खासदार फिरोज गांधी यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये कायदा झाला. आणीबाणीत तो रद्द करण्यात आला, १९७७ मध्ये पुन्हा आणला गेला, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने या संरक्षणाला अनुच्छेद ३६१-क मध्ये स्थान देऊन विधिमंडळांनाही ते लागू केले. विरोधी पक्ष असला की वृत्तपत्राची गरज उरत नाही, हे खरे असते तर आणीबाणीच्या सरकारला हा कायदा रद्द करण्याचे कारणच पडले नसते.

पत्रकारांना कोणी निवडून दिलेले नाही हे अगदी बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. वृत्तपत्रांना नागरिकापेक्षा वेगळा असा कोणताही खास अधिकार नाही, ही भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत मांडली होती. अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य नागरिकाचे आहे आणि संपादक ते नागरिक म्हणूनच वापरतो. म्हणजे प्रश्न विचारण्यासाठी निवडून येण्याची अट घातली, तर ती अट केवळ पत्रकाराला लागू होणार नाही; ग्रामसभेत रस्त्याच्या कामाचा हिशेब मागणाऱ्या शेतकऱ्यालाही लागू होईल. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना हे खरोखर मान्य आहे का?

ते कोणाला उत्तरदायी नाहीत, हे तर वस्तुस्थितीला धरूनच नाही. आपल्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर संपादक, मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापायला लावले ते याचसाठी की चूक झाल्यास कोणाला धरायचे हे लोकांना कळावे. १८८२ मध्ये कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांत मजकूर छापून आला. ज्या पत्रांच्या आधारे तो लिहिला होता ती बनावट निघाली, आणि टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात राहावे लागले. त्यांचा हेतू देशहिताचा होता म्हणून कायद्याने सूट दिली नाही. ज्या मजकुराला मी हे उत्तर देतो आहे, त्याच्याखाली मात्र कोणाचेही नाव नाही.

माध्यमे विकली गेली आहेत, या आरोपात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत शब्दशः सारखा छापून आला. हे लाजिरवाणे होते. पण तो शोधला कोणी? पी. साईनाथ या पत्रकाराने, आणि छापला ‘द हिंदू’ या वृत्तपत्राने. त्याही आधीचे उदाहरण १९२० चे आहे. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. त्यावर पत्रकारिताच कुचकामी आहे असा निष्कर्ष आंबेडकरांनी काढला नाही. त्यांनी ‘मूकनायक’ चालवले आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले.

‘विकले गेले’ हा शब्द सरसकट वापरणाऱ्यांनी राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांचाही विचार करावा. रत्नागिरी जिल्ह्यातील बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादावर ते सातत्याने लिहीत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्या दिवशी त्यांची बातमी प्रसिद्ध झाली, त्याच दिवशी त्यांना गाडीखाली चिरडण्यात आले. बातमी ज्या व्यक्तीविषयी होती तिच्यावरच त्यांच्या हत्येचा आरोप आहे. तालुक्याच्या ठिकाणी राहून, तुटपुंज्या मानधनावर, ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याच गावात वावरणाऱ्या अशा वार्ताहरांना विकाऊ म्हणणे हा घोर अन्याय आहे.

शेवटचा मुद्दा, बातम्यांनी काही बदलत नाही. राजकुमार केसवानी यांनी १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘रपट’ या आपल्या लहानशा साप्ताहिकातून भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील धोक्याविषयी इशारे दिले होते. भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे, असे त्यांनी लिहिले. त्याच डिसेंबरमध्ये मध्य प्रदेशच्या विधानसभेत या कारखान्याचा प्रश्न निघाला, तेव्हा कामगारमंत्र्यांनी उत्तर दिले की त्यात २५ कोटींची गुंतवणूक आहे आणि तो काही उचलून दुसरीकडे ठेवता येईल असा लहानसा दगड नाही. केसवानींनी लिहिणे सोडले नाही. जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’त त्यांनी तोच धोका पुन्हा मांडला. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, २ डिसेंबरच्या रात्री, वायुगळती झाली आणि हजारो माणसे मेली. येथे वृत्तपत्राने आपले काम वेळेवर आणि एकाहून अधिक वेळा केले होते, विषय सभागृहापर्यंतही पोहोचला होता, आणि कारखान्याची तपासणी करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी तो वापरला नाही. बातमीने काही बदलले नाही याचा जाब विचारायचाच असेल, तर तो त्या मंत्र्यांच्या सरकारला विचारला पाहिजे, केसवानींना नव्हे.